कापाल तर वाढेल

पहिलं दिसलं तेव्हा मला आनंदच झाला होता. माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या नव्या लाइव्ह रॉकच्या, म्हणजे जिवंत जीव वस्तीला असलेल्या खडकाच्या, खाचेत नखाएवढं, तपकिरी झाक असलेलं, काचेसारखं आरपार दिसणारं समुद्रफूल. महिन्याभरात त्याची नऊ झाली आणि शेजारचं पोवळं त्या बाजूनं आक्रसायला लागलं. मी चिमटा घेऊन सगळी खरवडून काढली. तीन आठवड्यांनी त्याच जागी, आणि पाण्याचा प्रवाह जिकडे जातो त्या पलीकडच्या दगडावरही, मोहरीएवढे ठिपके उगवले होते. भिंग लावून पाहिलं, तर प्रत्येक ठिपक्याला इवलेसे तंतू फुटलेले.

हे समुद्रफूल म्हणजे आयप्टेशिया, दिसायला फूल पण मुळात प्राणी. खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या जवळपास प्रत्येकाची त्याच्याशी कधी ना कधी गाठ पडते. ते उपटणं चुकीचं का, हे कळायला त्याचा तळवा बघायला हवा. खडकाला चिकटलेल्या या तळव्याच्या कडेचे बारीक तुकडे ते आपण होऊनच मागे सोडतं आणि त्या प्रत्येक तुकड्यातून अख्खं नवं समुद्रफूल तयार होतं. नर-मादी लागत नाही, की अंडी लागत नाहीत. खरवडताना आपण हेच काम त्याच्यासाठी, आणि पटापट, करून देतो. रक्तबीजाची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. त्यात डिवचलं की ते क्षणात खाचेत शिरतं आणि अंगावरच्या छिद्रांतून पांढरे धागे बाहेर फेकतं. ते धागे दंशपेशींनी भरलेले असतात. शेजारचं पोवळं आक्रसतं ते अशाच दंशांमुळे.

ज्या चिवटपणामुळे टाकीवाले हैराण होतात, त्याच चिवटपणासाठी शास्त्रज्ञ हा प्राणी मुद्दाम पाळतात. पोवळ्यांप्रमाणेच आयप्टेशियाच्या पेशींतही एकपेशीय शैवाल राहतं आणि उजेडात अन्न बनवून यजमानाला देतं. पाणी जास्त तापलं की दोघांचा संसार मोडतो, शैवाल निघून जातं आणि प्राणी पांढरा पडतो. प्रवाळ पांढरे पडतात ते असेच. पण प्रवाळ सावकाश वाढतात आणि प्रयोगशाळेत सांभाळायला कठीण. आयप्टेशिया मात्र साध्या डब्यात वाढतं, एकाच प्राण्यापासून हुबेहूब हजारो मिळतात, आणि शैवाल काढून टाकून पुन्हा घालूनही बघता येतं. 2015 साली त्याचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला. प्रवाळ का मरतात याबद्दल आज जे कळतंय, त्यातलं बरंच या उपद्रवी जिवाकडून कळलेलं आहे. म्हणून त्याला मारतानाही मला त्याचा राग येत नाही.

मारायचं कसं, याआधी मारताना काय जपायचं ते बघू. लाइव्ह रॉक म्हणजे नुसता दगड नव्हे. तो बहुतेक वेळा मेलेल्या प्रवाळांचा, चाळणीसारखा सच्छिद्र सांगाडा असतो. त्याच्या पृष्ठभागावरचे जिवाणू माशांच्या विष्ठेतला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात. आत खोलवर, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. टाकीचं फुफ्फुस म्हणा, मूत्रपिंड म्हणा, सगळं हेच. म्हणून तांबं असलेलं औषध टाकीत ओतायचं नाही. त्यानं कोळंब्या, गोगलगायी आणि पोवळी आधी जातात.

आणि खडक उकळायचा तर कधीच नाही. हे मी ठासून सांगतो, कारण हा सल्ला अजून तोंडोतोंडी फिरतो. खडकावर कधी कधी पॅलिथोआ नावाचे बटणांसारखे जीव असतात. त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन हे निसर्गातल्या अतिजहाल विषांपैकी एक, आणि ते उकळूनही नष्ट होत नाही. वाफेबरोबर, फवाऱ्याबरोबर ते श्वासात जातं. 2018 मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये घरची टाकी साफ करताना अख्खं कुटुंब रुग्णालयात पोचलं होतं. खडक घासायचा असेल तर पाण्याखाली, हातमोजे आणि चष्मा घालून.

मग उपाय काय? पहिला आपल्या ओळखीचा: चुना. शाळेत फुंकर मारून दुधाळ केलेली ती चुन्याची निवळी, जर्मन टाकीवाले तिलाच काल्कवासर म्हणतात, आणि पोवळ्यांना कॅल्शियम मिळावं म्हणून ती टाकीत थेंब थेंब सोडण्याची पद्धत जुनी आहे. आयप्टेशियासाठी मात्र निवळी नको, दाट लगदा हवा. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड थोड्या पाण्यात कालवून सिरिंजमध्ये भरायचं. सुगंधी पदार्थ घातलेला पानाचा चुना चालणार नाही. पंप बंद करायचे. सुई न टोचता, सावकाश, फुलाच्या तोंडावर लगदा सोडायचा. घाई केली की ते मिटतं. सावकाश सोडला तर ते खाणं समजून तो गिळतं आणि तीव्र अल्कलीनं आतून जळतं. वीस मिनिटांनी लगदा ओढून घ्या आणि मग पंप सुरू करा. एका दिवशी चार-पाचच फुलं, नाहीतर सगळ्या पाण्याचा पीएच वर चढतो.

खाचांत लपलेल्यांपर्यंत सिरिंज पोचत नाही. तिथे पेपरमिंट कोळंबी उपयोगी पडते, पण विकत घेताना नीट बघा. तिच्यासारखीच लाल रेघांची, पाठीवर कुबड असलेली उंट कोळंबी तिच्या नावानं विकली जाते. ती आयप्टेशिया सोडून पोवळीच कुरतडते.

खडकाबरोबर न बोलावता आलेल्या बाकीच्या पाहुण्यांपैकी बहुतेकांना मी हात लावत नाही. रात्री लाल उजेडाची बॅटरी मारली की खडकाखालून केसाळ किडे सरपटताना दिसतात आणि नवा माणूस घाबरतो. ते उरलेलं अन्न खाणारे सफाई कामगार आहेत. त्यांची संख्या बेसुमार वाढली, तर आपण माशांना जास्त खायला घालतोय एवढाच अर्थ. केस मात्र बोटात घुसतात, चिकटपट्टीनं निघतात. खडकातून टक्-टक् आवाज आला तर तो निरुपद्रवी पिस्तूल कोळंबीचा असू शकतो, किंवा मँटिस श्रिंप या शंख फोडणाऱ्या शिकाऱ्याचा. सकाळी गोगलगायींचे फुटलेले शंख सापडायला लागले तर दुसरा. तो ज्या दगडात आहे तो बादलीवर धरून त्याच्या बिळात साधं सोडा वॉटर सोडलं, की बहुतेकदा बाहेर येतो. इंग्लंडमधल्या न्यूकीच्या मत्स्यालयात 2009 साली पोवळी रातोरात तुटू लागली, तेव्हा अख्खा देखावा दगड दगड करून उचकटावा लागला. आत सव्वा मीटरचा बॉबिट किडा, म्हणजे लपून शिकार करणारा समुद्री किडा, निघाला. खडकातून आला तेव्हा तो बहुधा बोटभरच असणार.

कुणी मालवणहून दगड उचलून आणायचा विचार करत असेल, तर नको. दगडी पोवळी 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. असे पाहुणे टाळायचे तर कोरडा खडक घ्या. तो मुरायला काही महिने लागतात, पण त्यातून काही चालत येत नाही. आयप्टेशिया मात्र पोवळ्याच्या एखाद्या तुकड्याला चिकटून तरीही येतं.

तेव्हा माझा आवडता उपाय बर्गिया. शंख नसलेली, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरची ही समुद्री गोगलगाय आयप्टेशियाशिवाय दुसरं काहीच खात नाही. त्याच्या न फुटलेल्या दंशपेशी ती पचवत नाही, पाठीवरच्या बोटांसारख्या झालरीच्या टोकांत साठवते आणि स्वतःच्या रक्षणासाठी वापरते. ती रात्री फिरते, सकाळी काचेवर तिच्या अंड्यांची पांढरी वेटोळी दिसतात. शेवटचं आयप्टेशिया संपलं की तिला खायला काही उरत नाही. म्हणून शेवटची तीन-चार फुलं शिल्लक असतानाच, रात्री दिवे मालवल्यावर, बर्गिया पिपेटनं ओढून डब्यात घ्यायच्या आणि ज्याच्या टाकीत अजून रान माजलंय त्याच्याकडे नेऊन द्यायच्या.