हिमेजीचा किल्ला वाचला कसा?

जपानमध्ये किल्ला बघायला जाणाऱ्याने आधी एक प्रश्न विचारावा: लाकडी की काँक्रीटचा? ओसाकाचा दिमाखदार मनोरा 1931 सालचा, नागोयाचा 1959चा. दोन्ही काँक्रीटचे, आत चक्क लिफ्ट. सरंजामी काळापासून उभे असलेले मुख्य मनोरे, म्हणजे 'तेन्शू', देशभरात फक्त बारा उरलेत. त्यांत सगळ्यांत मोठा हिमेजीचा.

इथे चौदाव्या शतकात आकामात्सु घराण्याची गढी होती. 1580च्या सुमारास हिदेयोशी या बड्या सरदाराने तिथे तीन मजली मनोरा चढवला. आज दिसतो तो किल्ला मात्र इकेदा तेरुमासाचा. 1600ची सेकिगाहाराची लढाई जिंकून देशाची सत्ता मिळवलेल्या तोकुगावा इएयासुने आपल्या या जावयाला हिमेजी दिलं, ते पश्चिमेकडच्या सरदारांवर नजर ठेवायला. 1609पर्यंत काम पुरं झालं. बाहेरून पाच मजले दिसतात; आत सहा, शिवाय तळघर. भिंतींत बंदुकीसाठी गोल, त्रिकोणी, चौकोनी जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, आणि बाणांसाठी उभ्या. एवढी तयारी, पण तेरुमासाच्या या मनोऱ्याला लढाई कधी बघावीच लागली नाही.

खरं संकट आलं ते शांततेच्या काळात. 1873मध्ये सरंजामी राजवट संपवून आलेल्या मेइजी सरकारने किल्ले मोडीत काढायचा हुकूम काढला. हिमेजीचा लिलाव झाला, तोही अवघ्या तेवीस येनांत, असं सांगतात. घेणाऱ्याला पाडायचा खर्चच परवडेना, म्हणून मनोरा उभा राहिला! 1878मध्ये नाकामुरा शिगेतो या लष्करी अधिकाऱ्याने वर अर्ज करून तो जतन करवला. त्याच्या नावाचा दगड आवारात आहे; बहुतेक लोक तो न बघताच पुढे जातात.

जुलै 1945च्या हवाई हल्ल्यात भोवतालचं शहर जळून गेलं. मनोऱ्यात एक आगबॉम्ब पडला, पण तो फुटला नाही. लाकडाच्या इमारतीचं नशीब म्हणायचं ते हेच.

1956 ते 1964 या काळात मनोरा तुळई-तुळई सुटा करून पुन्हा उभारला. 1993मध्ये तो जागतिक वारसा ठरला. 2015ला दुसरी डागडुजी संपली, तेव्हा ताज्या चुन्याने तो इतका लख्ख दिसायला लागला की 'शिरासागी' म्हणजे पांढऱ्या बगळ्याच्या या किल्ल्याला लोक 'शिरोसुगी', फारच पांढरा, म्हणू लागले. आता पावसाने छपरं पुन्हा काळवंडली आहेत. आत शिरताना बूट काढून पिशवीत घ्यावे लागतात आणि जिने शिडीसारखे उभे आहेत. पायांत घसरणारे मोजे नकोत.