मॉर्मन मिशनसेवा : तरुण प्रचारकाचा आठवडा आणि बदलत्या प्रेरणा

'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' या ख्रिस्ती पंथाला बोलण्यात मॉर्मन पंथ म्हणतात. त्याचे तरुण सभासद शिक्षण-नोकरी बाजूला ठेवून ठरावीक मुदतीसाठी पूर्णवेळ, विनावेतन धर्मप्रचार करतात, ती मिशनसेवा. मुलांसाठी ही मुदत २४ महिन्यांची असते, मुलींसाठी १८ महिन्यांची. जोसेफ स्मिथने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात पंथ स्थापला आणि त्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ सॅम्युएल पाठीवर धर्मग्रंथाच्या प्रती घेऊन गावोगाव निघाला. आज जगभरात ७०,००० हून अधिक तरुण ही सेवा करत आहेत. मुलाला 'एल्डर' व मुलीला 'सिस्टर' म्हणतात आणि पुढे फक्त आडनाव लावतात. प्रचारक दोघा-दोघांच्या जोडीने काम करतात, आणि मुदत संपेपर्यंत हे जोडीदारही एकमेकांना याच नावाने हाक मारतात.

इच्छुकाची मुलाखत आधी स्थानिक मंडळीचा प्रमुख म्हणजे बिशप व नंतर स्टेकचा, म्हणजे अशा अनेक मंडळ्यांच्या गटाचा, अध्यक्ष घेतो. आरोग्याची आणि दातांची तपासणी होते, मग अर्ज सॉल्ट लेक सिटीतील मुख्यालयाकडे जातो. कोणत्या देशात जायचे हे उमेदवार ठरवत नाही. २०१२ मध्ये किमान वय मुलांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ झाले, तेव्हा मुलींची संख्या झपाट्याने वाढली. खर्च उमेदवार व त्याचे कुटुंब उचलते. अमेरिकेतील कुटुंबाला जुलै २०२० पासून महिना ५०० डॉलर भरावे लागतात, त्याआधी ४०० लागत. ही रक्कम सामायिक निधीत जाते, त्यामुळे महागड्या टोकियोत गेलेल्याला आणि स्वस्त गावी गेलेल्याला भार सारखाच पडतो. खोलीचे भाडे मिशन, म्हणजे प्रचारक जिथे नेमला जातो तो प्रादेशिक विभाग, भरते. जेवण, प्रवास, साबण यांसाठी महिन्याला बेताची रक्कम हाती मिळते. पहिल्याच आठवड्यात बाहेर खाण्यावर ती उडवणाऱ्यांना महिनाअखेर नुसत्या भातावर किंवा नूडल्सवर काढावी लागते.

अमेरिकेच्या युटा राज्यातील प्रोव्हो येथे सर्वांत मोठे प्रशिक्षण केंद्र आहे. नवी भाषा शिकायची नसेल तर सुमारे तीन आठवडे पुरतात. भाषा शिकायची असेल तर सहा ते नऊ लागतात आणि त्यातला काही भाग आता घरूनच ऑनलाइन होतो. एवढ्या अवधीत भाषा येत नाही. प्रार्थना आणि ओळख करून देणे जमते, समोरच्याचे उत्तर मात्र कळत नाही. पहिले तीन महिने सर्वाधिक खचवतात ते याच कारणाने.

रूढ वेळापत्रकात ६:३० ला उठणे, अर्धा तास व्यायाम, न्याहारी, ८ ला एकट्याने अध्ययन, ९ ला जोडीने अध्ययन आणि १० ला बाहेर पडणे असा क्रम असतो. रात्री ९ ला परतायचे, कोणाला धर्माचा पाठ देणे चालू असेल तर ९:३० ला. मग दुसऱ्या दिवसाची आखणी करून १०:३० ला दिवे मालवायचे. २०१७ पासून मिशनच्या अध्यक्षाला स्थानिक रीतीप्रमाणे यात फेरफार करता येतो. जिथे दुपारी गाव झोपते तिथे दारे ठोठावण्यात अर्थ नाही, आणि हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

आठवड्याची सुरुवात बहुधा सोमवारी, तयारीच्या दिवसाने होते. सगळे त्याला पी-डे म्हणतात. कपडे धुणे, वाणसामान, केस कापणे, खोली झाडणे, घरी ईमेल आणि मिशनच्या अध्यक्षांना साप्ताहिक पत्र एवढे सारे संध्याकाळी ६ पर्यंत उरकावे लागते, कारण त्यानंतर पुन्हा काम सुरू होते. फेब्रुवारी २०१९ पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच करता येई, नाताळला आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉल चालतो. मधल्या एका दिवशी आसपासच्या जोड्यांची बैठक असते. गुरुवारी किंवा शुक्रवारी साप्ताहिक आखणी होते. प्रत्येक शिकणाऱ्या माणसाचे नाव घेऊन त्याला पुढे काय हवे ते ठरवायचे, म्हणून तिला सहज दोन-तीन तास लागतात. आखणीच्या शेवटी दोघांनी एकमेकांविषयीच्या तक्रारी मोकळेपणाने बोलायच्या असतात. हा भाग टाळला की कुरबुरी साचतात. कारण स्नानगृह सोडले तर जोडीदाराच्या नजरेआड जायचे नाही असा नियम आहे, आणि जोडी निवडण्याचा अधिकार दोघांनाही नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्या जाहीर होतात. नवख्याला पहिले १२ आठवडे अनुभवी प्रशिक्षकाबरोबर ठेवतात.

या घडीत प्रेरणा कशी बदलते हे समजून घेतल्याशिवाय मिशन कळत नाही. पंथाचे तेव्हाचे अध्यक्ष स्पेन्सर किंबॉल यांनी १९७४ मध्ये प्रत्येक तरुणाने मिशनला जावे असे सांगितले, तेव्हापासून युटातील मॉर्मन घरांत ते जवळजवळ गृहीत धरले जाते. वडील गेले, थोरला भाऊ गेला, न गेल्यास लग्नाच्या वेळी प्रश्न विचारला जाईल, अशा कारणांनी पुष्कळजण निघतात. पंथाचे एक वरिष्ठ नेते डॅलिन ओक्स यांनी ऑक्टोबर १९८४ च्या पंथाच्या सर्वसाधारण परिषदेत सेवेमागचे सहा हेतू चढत्या क्रमाने मांडले: ऐहिक लाभ वा मान, चांगली संगत, शिक्षेची भीती, कर्तव्य, पारलौकिक फळाची आशा आणि शेवटी निर्मळ प्रेम. प्रत्यक्षात माणूस ही पायरी सरळ चढत नाही. साधारणपणे कौटुंबिक अपेक्षेची जागा आधी आकडा घेतो: किती पाठ झाले, किती बाप्तिस्मे (पंथप्रवेशाचे विधी). आकडा दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असल्याने तो हुलकावणी देतो आणि कष्ट करूनही अपराधी वाटू लागते. याच टप्प्यावर काहीजण नियमांना अधिक घट्ट चिकटतात. उठायला पाच मिनिटे उशीर झाला म्हणून कोणी शिकायला मिळाले नाही, असा हिशेब मनात चालतो. तो चुकीचा आणि माणसाला आतून पोखरणारा आहे. ज्यांची गाडी पुढे जाते, त्यांच्या बाबतीत बहुधा एखादे कुटुंब कारणीभूत ठरते. त्यांचे सामान हलवून दिले, आजारपणात भेटले, पोरांचा अभ्यास घेतला, आणि बाप्तिस्मा होवो न होवो, त्या माणसांचे भले व्हावे असे मनापासून वाटू लागते. साप्ताहिक आखणीत नावांवर इतका वेळ द्यायचा तो यासाठीच.

आकड्यांचा हव्यास संस्थेच्या पातळीवरही महागात पडला आहे. १९६० च्या सुमारास ब्रिटनमध्ये प्रचारकांनी बेसबॉल खेळायला बोलावून असंख्य पोरांचा बाप्तिस्मा उरकला. त्यांतली बहुतेक पुन्हा चर्चमध्ये फिरकली नाहीत आणि पुढे कित्येकांची नावे पटावरून काढावी लागली. २०१७ मध्ये दर आठवड्याला कळवायचे कामगिरीचे निर्देशक नऊवरून चारवर आणले गेले, पण बाप्तिस्म्याचा आकडा त्यांत राहिलाच.

भारताशी या सेवेचा संबंध जुना आहे. ह्यू फिंडले १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुण्यातही राहिला, परंतु अनुयायी मोजकेच मिळाले. बंगळूरचे मिशन १९९३ मध्ये सुरू झाले.

चिंता, नैराश्य किंवा दुखापतीमुळे मुदतीआधी परतणाऱ्यांना गावात फार काळ संशयाने पाहिले जाई. आता त्यांना, तसेच प्रकृतीमुळे प्रचाराला जाऊ न शकणाऱ्यांना, घरी राहून अन्नकोठारात किंवा रुग्णालयात सेवामिशन करता येते. त्यांनाही प्रचारकांसारखीच नेमणूकपत्रे मिळतात.