मेणवली परिसरातल्या पायवाटा (ता. वाई, जि. सातारा)

सातारा जिल्ह्यात वाई शहराच्या वरच्या अंगाला, साधारण तीन किलोमीटरवर कृष्णेकाठी मेणवली हे गाव आहे. त्याच्या आजूबाजूला, वाई ते धोम या पट्ट्यात, ज्या सपाट, चढ जवळजवळ नसलेल्या वाटा आहेत त्यांची ही नोंद. कुणी आखून पाट्या लावलेले हे ट्रेल नाहीत. शेतावर, नदीवर, देवळात आणि शेजारच्या गावाला जायच्या रोजच्या वाटा आहेत, आणि फिरायला येणारा माणूस त्यांच्यावर पाहुणा असतो एवढं आधी लक्षात घ्यावं.

भूगोल. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि धोमपासून पुढे तिचं खोरं एकदम रुंद होतं. दक्षिणेला पाचगणीचं पठार, उत्तरेला पांडवगड आणि मांढरदेवचा डोंगर, पश्चिमेला धोमच्या जलाशयावर उभा कमळगड, आणि मधे गाळाची काळी जमीन. डोंगर सगळे बेसॉल्टचे, पाचगणीच्या माथ्यावर जांभा दगडाची टोपी, म्हणून तो कडा खालून सुरीने कापल्यासारखा सपाट दिसतो. वाईच्या भोवती गड किल्ले भरपूर, ट्रेकिंगवाले तिकडेच पळतात, त्यामुळे खालच्या वाटांबद्दल फारसं कुणी लिहिलेलं नाही. पण गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना आणि सहा वर्षाच्या पोराला घेऊन दोन तास चालायचं असेल तर खोऱ्याचा तळच बरा.

पाणंद. इथल्या वाटा समजून घ्यायच्या तर हा शब्द नीट समजला पाहिजे. दोन्ही बाजूला बांध किंवा कुंपण, वर बाभूळ नाहीतर निवडुंग, आणि मधून बैलगाडी जाईल एवढी खोलगट वाट ती पाणंद. कोकणातही हा शब्द आहे, तिथे दोन गडग्यांमधल्या (रचलेल्या दगडी कुंपणांमधल्या) चिंचोळ्या वाटेला म्हणतात. देशावर पाणंद म्हटली की शेतात जायचा रस्ता हाच अर्थ. तिच्याहून वेगळी शिववाट, म्हणजे दोन गावांच्या शिवेवरून जाणारी, आणि नुसती पायवाट म्हणजे बांधावरून एकामागे एक माणूस जाईल अशी.

हा फरक नुसता बोलण्यातला नाही, नकाशातही आहे. जुन्या गावनकाशात गाडीमार्ग तुटक दुबार रेषेने दाखवतात आणि त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात, पायमार्ग तुटक एकेरी रेषेने आणि रुंदी सव्वाआठ फूट. नकाशात रेषा असली की वाट सरकारी हिशोबात आहे. नसली तरी वाट मागता येते, त्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 चं कलम 143 आहे, ज्यात शेताच्या हद्दीवरून जायचा हक्क तहसीलदार ठरवतात, आणि चालू असलेली वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5. बऱ्याच जणांचा या दोघांत घोळ होतो. कलम 143 मागायला असतं आणि कलम 5 अडथळा काढायला, हे ज्याच्या शेताची वाट बंद झालीय त्याने तरी पक्कं ध्यानात ठेवावं. 2021 मध्ये राज्य सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली, तिच्यात अतिक्रमण काढून पाणंदी पक्क्या करायचं काम येतं. पक्की झाली की पावसाळ्यात ट्रॅक्टर रुतत नाही आणि ऊस वेळेत बाहेर पडतो, त्यामुळे शेतकऱ्याला ती हवीच आहे आणि त्यात काही चूक नाही. पण मुरूम टाकताना जेसीबी कडेची झाडी सरळ उपटतो, सावली जाते, तेवढी झाडं ठेवून काम झालं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

वाटेवरची पिकं. ऊस सगळीकडे आहे. पण वाई भागाची खरी ओळख हळद. (विदर्भातली भौगोलिक मानांकन मिळालेली वायगाव हळद वेगळी, ती वर्धा जिल्ह्यातली. नाव ऐकून बरेच जण ती वाईची समजतात.) अक्षय्य तृतीयेच्या आसपास लावलेली हळद भाद्रपदापर्यंत कमरेएवढी होते आणि पाणंदीतून जाताना दोन्हीकडे केळीसारखी रुंद पानं अंगाला घासतात, पान चुरगाळलं की हाताला वास राहतो. काढणी जानेवारी ते मार्चमधे. त्या दिवसात शेताच्या कडेला हळद शिजवायचं काम चालू असतं, ते थांबून बघण्यासारखं आहे. काढलेल्या कंदातून जेठे गड्डे, बगल गड्डे आणि हळकुंडं वेगवेगळी करतात, कारण जाडी वेगळी तर शिजायचा वेळ वेगळा. मग कढईत पाणी, वर झाकण, आणि खाली जाळ. शिजली का हे बघायला हळकुंडात काडी टोचतात, सहज आत गेली की झालं. नंतर उन्हात वाळत घालतात, तेव्हा ताडपत्रीवर पसरलेली ती हळकुंडं बाहेरून मळकट तपकिरीच दिसतात, मोडल्यावर आतला केशरी रंग कळतो, आणि ड्रममधे फिरवून पॉलिश झाली की मग बाजारातली हळद.

वाई ते मेणवली. सगळ्यात सोपी वाट. वाईत गणपती आळीच्या घाटावरून सुरुवात करावी. तिथलं ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मधे बांधलं आणि त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, म्हणजे पुराचं पाणी धार फुटून दोन्हीकडे जावं आणि देवळाला धक्का लागू नये. आत मूर्ती बघून लोक निघून जातात, मागे जाऊन ती भिंत बघत नाहीत. वाईचे सात घाट आणि माघ-फाल्गुनातला कृष्णाबाईचा उत्सव सर्वांना माहीत आहे, तो इथे सांगत बसत नाही. या शहरातच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं आणि त्याचा पहिला खंड 1976 मधे आला, हे मात्र विश्वकोशाच्या धाटणीतल्या नोंदीत सांगायलाच पाहिजे. शहर सुटल्यावर मेणवलीपर्यंत पाऊण तास, रमतगमत एक तास.

मेणवली. नाना फडणवीस (1742–1800) यांना हे गाव 1768 मधे औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांच्याकडून मिळालं असं साधारणपणे मानतात. नानांनी मग इथे वाडा, चंद्रकोरीसारखा घाट, मेणेश्वराचं (महादेवाचं) आणि विष्णूचं अशी दोन देवळं बांधली. वाडा चौकांचा, आत जुनी भित्तिचित्रं आहेत, मालकी वंशजांकडे आहे त्यामुळे विचारून आत जावं. हिंदी पिक्चरच्या शूटिंगमुळे घाट आता घरोघरी ओळखीचा झालाय. इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र मेणवली म्हटलं की घाटाआधी मेणवली दप्तर आठवतं, नानांच्या मोडी कागदपत्रांचा तो प्रचंड साठा, ज्याचा मोठा भाग इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांच्या सातारच्या संग्रहातून पुढे 1939 मधे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला.

घंटेचा प्रश्न. घाटावर देवळाजवळ छोट्या घुमटीत एक भलीमोठी पोर्तुगीज घंटा टांगलीय. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आणि 1707 हा आकडा आहे. चिमाजी अप्पांनी मे 1739 मधे वसई जिंकली तेव्हा चर्चमधल्या घंटा उतरवून आणल्या आणि त्यातली ही एक, असं सगळीकडे सांगतात. वसईच्या घंटा महाराष्ट्रात इतरत्रही दाखवतात, नाशिकला नारोशंकराच्या देवळावर 1721 आकड्याची, भीमाशंकरला एक, नसरापूरजवळच्या बनेश्वरला 1683 ची, त्यामुळे अशा घंटा देवळांना वाटल्या गेल्या हे पटण्यासारखं आहे. पण मेणवलीच्या बाबतीत तारखा जुळवून बघाव्या लागतात. वसई पडली तेव्हा नाना जन्मलेही नव्हते, आणि गाव त्यांच्याकडे आलं त्यानंतर जवळपास तीस वर्षांनी. म्हणजे घंटा वसईहून थेट मेणवलीला आली हे काही बसत नाही. मधली वर्षं ती दुसरीकडे कुठेतरी असणार, पुण्यात किंवा एखाद्या सरदाराच्या ताब्यात, आणि देऊळ उभं राहिल्यावर नानांनी इथे आणवली असणार, हा अंदाज जास्त सयुक्तिक वाटतो. चिमाजी अप्पांनी स्वतः ही घंटा मेणेश्वराला वाहिली असं जे काही ठिकाणी छापलं जातं ते या कारणाने धरू नये. मूळ वसईच्याच चर्चमधली की त्या मोहिमेत घेतलेल्या आसपासच्या दुसऱ्या ठाण्यातली, यावर मात्र वसई भाग एवढं म्हणून थांबलेलं बरं. घंटेचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास सांगतात. घंटा वाजवायचा मोह होतोच, पण शेजारी लोक राहतात, संध्याकाळची एकदाच आणि हळू.

भोगाव. मेणवलीच्या शेजारचं गाव. ‘यथार्थदीपिका’ ही गीतेवरची टीका लिहिणाऱ्या वामन पंडितांची (साधारण 1608–1695) समाधी इथे आहे. वामन एकच की त्या नावाचे अनेक कवी आणि त्यांची काव्यं एकत्र झाली, हा वाद मराठीच्या अभ्यासकांत बराच गाजला. यथार्थदीपिकेचा कर्ता आणि भोगावची समाधी यांचं नातं मात्र सहसा मान्य केलं जातं. समाधीजवळ नदीकाठी शांतता असते आणि दगडावर बसून भाकरी खायला ही जागा मला घाटापेक्षाही आवडते.

मेणवली ते धोम. पाचेक किलोमीटर. डांबरी रस्त्याने जाण्यापेक्षा जिथे जमेल तिथे पाटाच्या कडेची वाट धरावी, लोक तिला कॅनॉलची वाट म्हणतात, धोम धरणाचे डावा आणि उजवा असे दोन कालवे आहेत आणि भरावावरून चालायला जमीन सपाट मिळते. कालव्याच्या कडेला उतरू नये, अस्तर शेवाळलेलं असतं, पाण्याला ओढ असते आणि पाय घसरला तर धरायला काही नसतं. धरणाची साठवण साडेतेरा टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास. कृष्णेला खाली उन्हाळ्यात किती पाणी दिसणार हे आता पावसापेक्षा आवर्तनावर (धरणातून पाणी सोडायच्या पाळीवर) ठरतं, म्हणून घाट भरलेला बघायचा असेल तर आवर्तन चालू आहे का हे गावात आधी विचारावं.

धोम गावात नरसिंहाचं आणि महादेवाचं पेशवेकालीन देऊळ आहे. महादेवासमोर कमळाच्या आकाराच्या दगडी कुंडात भलंमोठं कासव आणि त्याच्या पाठीवर नंदीचा मंडप. कुंडात पाणी असेल तेव्हा नंदीला घेऊन कासव तरंगतंय असं वाटतं, खाली बसून पाण्याच्या पातळीवरून बघितलं की कळतं. गावाचं नाव पांडवांचे पुरोहित धौम्य ऋषी यांच्यावरून पडलं अशी परंपरा आहे. वाईला विराटनगरी मानणाऱ्या पांडवकथांच्या साखळीतलीच ही एक कडी दिसते, वैराटगड आणि पांडवगड ही नावंही त्यातलीच.

हंगाम. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसात पाणंदीत घोट्यापर्यंत चिखल असतो आणि धरणातून विसर्ग सुरू झाला की घाटाच्या खालच्या पायऱ्या बघता बघता पाण्याखाली जातात, तेव्हा नदीकाठची वाट सोडून रस्त्यानेच जावं. ऊसतोडीच्या दिवसात पाणंदीत समोरून बैलगाडी आली तर बांधावर चढून वाट द्यावी, भरलेली गाडी मागे घेता येत नाही.

वाईच्या खालच्या अंगाला, पुणे-सातारा हमरस्त्याच्या दिशेने, अशा वाटा आता तुटक राहिल्यात. उत्तरेला लोहारे गावाजवळच्या पालपेश्वरच्या बौद्ध लेण्यांपर्यंत शेतातून जाता येतं, शेवटी थोडा चढ आहे.