बालगृहातलं प्रत्येक मूल अनाथ असतं का?

‘बालगृहातल्या मुलांना आईवडील नसतात’ असं वर्षानुवर्षं पुढे पाठवलं जातं. हा समज मायेपोटीच रुजला, पण तो खरा नाही. जगभरात संस्थांमध्ये राहणाऱ्या बहुतेक मुलांच्या आईवडिलांपैकी किमान एकजण हयात असतो. मूल तिथे येतं ते गरिबी, आजारपण, व्यसन किंवा घरातल्या मारहाणीमुळे.

फरक काय पडतो? खूप पडतो. अनाथ म्हटलं की जेवण आणि कपडे दिले, झालं, असं वाटतं. पण आई असेल तर तिचे उपचार, भेटीचा वार, शाळा, डॉक्टर या सगळ्यांचा मेळ घालावा लागतो. तो बसला नाही तर मूल दुसऱ्या संस्थेत जातं आणि त्याचं लसीकरणाचं कार्ड जुन्याच कपाटात राहतं. म्हणूनच एका मुलामागे एक जबाबदार कार्यकर्ता आणि एकच फाइल हवीच.

खात्री करायची तर संयुक्त राष्ट्रांचा १९८९चा बालहक्क करार वाचा. कलम ९ मध्ये, मुलाच्या हिताला बाधा येत नसेल तर, दुरावलेल्या आईवडिलांशी नियमित संपर्काचा हक्क आहे. कलम २५ मध्ये त्याच्या देखभालीचा ठरावीक काळाने फेरआढावा. एखाद्या संस्थेत गेलात तर नावं न विचारता एवढंच विचारा: किती मुलांना भेटायला घरचं कुणी येतं?