गुआन यूला कुठे मारले?

मुंबईत माझगावच्या चिनी मंदिरात ज्याची पूजा होते, तो गुआन यू मुळात हान साम्राज्याच्या अखेरच्या काळातला सेनापती. त्याच्या मृत्यूची लोकांना माहीत असलेली हकीकत मात्र हान साम्राज्य फुटून झालेल्या तीन राज्यांवरच्या कादंबरीतली आहे, आणि ती कादंबरी हजारेक वर्षांनंतरची. तिच्यात कैद झालेल्या गुआन यूला वूचा अधिपती सुन च्युआन याच्यापुढे उभे करतात. तो शरण जायचे नाकारतो, सुन च्युआनला तोंडावर शिव्या देतो आणि मग त्याचा शिरच्छेद होतो.

इतिहासात अशी भेट झालेलीच नाही.

219मध्ये गुआन यूने उत्तरेचा सत्ताधीश त्साओ त्साओ याच्या ताब्यातल्या फानचंगला वेढा घातला. हान नदीच्या पुरात शत्रूच्या सात तुकड्या बुडाल्या. कादंबरी म्हणते की पाणी त्यानेच अडवून सोडले, पण इतिहासात कारण आहे ते अतिवृष्टीचे. तो तिकडे गुंतलेला असताना वूचा सेनापती ल्यू मंग याने व्यापाऱ्यांच्या वेशातल्या वल्हेकऱ्यांच्या होड्यांमध्ये सैनिक लपवून नेले आणि नदीकाठच्या चौक्या एकेक करून ताब्यात घेतल्या. गुआन यूच्या ताब्यातल्या जियांगलिंग आणि गोंगआन या दोन्ही ठिकाणच्या अधिकाऱ्यांनी शरणागती पत्करली.

पुढचा घाव तलवारीचा नव्हता. गुआन यूच्या सैनिकांची बायकामुले जियांगलिंगमध्ये होती आणि ल्यू मंगने त्यांच्या केसालाही धक्का लागू दिला नाही. त्याच्या एका सैनिकाने सरकारी चिलखत भिजू नये म्हणून एका रहिवाशाची बांबूची टोपी उचलली. हा सैनिक ल्यू मंगच्याच गावाकडचा होता, तरी त्याने रडत रडत त्याला मृत्युदंड दिला. घरची मंडळी सुखरूप आहेत हे कळल्यावर गुआन यूच्या फौजेची लढायची इच्छाच उरली नाही. माईचंगच्या तटावर निशाणे आणि बुजगावणी उभी करून तो निसटला, तेव्हा सोबत जेमतेम दहा-पंधरा घोडेस्वार होते. पान झांगच्या हाताखालच्या मा झोंगने त्याला पकडले आणि लिन्जू इथे मुलगा गुआन पिंग याच्यासह त्याचा वध झाला.

सुन च्युआनला त्याला जिवंत ठेवायचे होते, ही गोष्टही कादंबरीच्या कितीतरी आधीची आहे. तीन राज्यांच्या इतिहासावर भाष्य लिहिणाऱ्या पेई सोंगझीने 429मध्येच ती खोडून काढली. त्याचा मुद्दा साधा होता: लिन्जूपासून सुन च्युआन होता ते जियांगलिंग दोन-तीनशे ली, म्हणजे शंभरेक किलोमीटर लांब, आणि वूच्या नोंदीनुसार गुआन यू हाती लागताच मारला गेला. मग जगवायचे की मारायचे याची मसलत झाली कधी? या सगळ्या वादात इतका चोख पुरावा दुसरा नाही.

शिर त्साओ त्साओकडे पाठवले, ही गोष्ट खरी. त्या शिराने डोळे उघडले, ही कादंबरीची भर. गुआन यूच्या आत्म्याने ल्यू मंगचा जीव घेतला हेही तसेच. ल्यू मंग लवकरच वारला खरा, पण आजाराने. आणि कादंबरीत गुआन यूचा दुसरा मुलगा ज्याला मारून सूड घेतो, तो पान झांग प्रत्यक्षात 234पर्यंत जगला.

मृत्यूचे वर्ष अनेक ठिकाणी 219 दिलेले असते. चिनी पंचांगाच्या त्या वर्षाचा तो बारावा महिना होता, त्यामुळे आपल्या कॅलेंडरप्रमाणे 220 धरायला हवे.