कुटुंब-राहणीमान पाहणी व सार्वजनिक सुविधांच्या नोंदींची जोडणी (मराठवाडा)

घरोघरी जाऊन गोळा केलेली खर्च, घर, शिक्षण, आजारपण यांची माहिती आणि त्याच परिसरातील शाळा, दवाखाने, रस्ते, पाणीयोजना यांच्या सरकारी नोंदी एकत्र आणून वाचण्याची संख्याशास्त्रीय पद्धत. माणसे कशी राहतात हे पाहणीतून कळते, त्यांच्यासाठी काय बांधले आहे हे नोंदींतून. बांधलेले त्यांच्या उपयोगी पडते का, याचे उत्तर दोन्हींची सांगड घातल्याशिवाय मिळत नाही.

जागतिक बँकेने १९८० मध्ये राहणीमान मापनाचा उपक्रम हाती घेतला. १९८५ पासून आयव्हरी कोस्ट, पेरू अशा देशांत त्याच्या पाहण्या झाल्या. कुटुंबाच्या प्रश्नावलीला गावाची आणि बाजारभावांची प्रश्नावली जोडायची, ही त्यांची रीत. भारतात जिल्हास्तरीय कुटुंब व सुविधा पाहणीच्या तिसऱ्या फेरीत (२००७-०८) घराबरोबर गाव आणि आरोग्य केंद्रही पाहिले गेले. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषद आणि मेरीलँड विद्यापीठ यांच्या भारत मानव विकास पाहणीने (२००४-०५ व २०११-१२) गावातल्या शाळा-दवाखान्यांचीही माहिती घेतली. इतर बहुतेक पाहण्यांत ही जोडणी अभ्यासकाला मागाहून करावी लागते, आणि खरी डोकेदुखी तिथेच आहे.

मराठवाड्यात या विषयाला राजकीय धार आहे, ती अनुशेषामुळे, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या तुटीमुळे. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये काढला. त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५० कोटींचा. हिशेबाची पद्धत सरळ होती : रस्ते, सिंचन, आरोग्य, शिक्षण अशा क्षेत्रांत जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे ते पाहायचे आणि ती तूट रुपयांत मांडायची. निधीवाटपाला ती पद्धत पुरते. पण तिच्यात मोजली जाते ती सुविधा. ती वापरणारे किंवा न वापरणारे घर हिशेबात येतच नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. शहरात नळयोजना आहे, ही नोंद त्या काळातही खरीच होती.

जोडणीचा सर्वांत सोपा मार्ग गावाच्या संकेतांकाचा. २०११ च्या जनगणनेने प्रत्येक महसुली गावाला सहा अंकी संकेतांक दिला आणि गाव-निर्देशिकेत सुविधाही नोंदवल्या. सुविधा गावात नसेल तर तिचे अंतर मात्र पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, दहापेक्षा जास्त अशा ढोबळ गटांतच मिळते. संकेतांक नसला की नावावर भिस्त ठेवावी लागते. पिंपळगाव, वडगाव, बोरगाव प्रत्येक तालुक्यात सापडतात. बुद्रुक आणि खुर्द एखाद्या कारकुनाने गाळले की दोन गावांचे एक होते. बंजारा तांडे तर बहुधा मूळ गावाच्या महसुली हद्दीत मोडतात. यादीत गावाला शाळा असते, तांड्यावरून ती दोन-तीन किलोमीटरवर, मध्ये ओढा. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जुन्या नकाशावरचा बिंदू घेतला तर अंतर रिकाम्या गावठाणापासून मोजले जाते. त्यात २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे, हे विसरून केलेल्या जोडणीची कथा न सांगितलेलीच बरी.

अंतरावरून जोडणी करायची तर वेगळी अडचण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत उत्तरदात्यांची ओळख झाकण्यासाठी ग्रामीण नमुना-ठिकाणाचे अक्षांश-रेखांश पाच किलोमीटरपर्यंत, आणि शंभरात एखादे ठिकाण दहा किलोमीटरपर्यंत, मुद्दाम हलवलेले असतात. सपाट भागात पाच हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र हा निकष आहे. त्यामुळे हलवलेल्या बिंदूला ‘जवळचे’ म्हणून भलतेच उपकेंद्र चिकटू शकते. ग्रामीण रुग्णालयापुरते हे चालून जाते, कारण ती मुळातच विरळ आहेत. शिवाय जवळचे म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले, असेही नाही. परांड्याचा रुग्ण बार्शीला जातो, आष्टीचा अहिल्यानगरला, धर्माबाद-बिलोलीकडचा निजामाबादला. केवळ जिल्ह्याच्या यादीशी जोडलेली कुटुंबे अशा ठिकाणी उगाचच सुविधाहीन ठरतात.

काळाची गफलत सर्वांत कमी बोलली जाते, आणि बीड जिल्ह्यात तीच सर्वांत मोठी आहे. शाळांच्या पटनोंदणीची संदर्भ-तारीख वर्षानुवर्षे ३० सप्टेंबर होती. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेल्या ऊसतोड टोळ्या साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा गाळप हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे पट मोजला जातो तेव्हा पोरे वर्गात असतात. महिना-दीड महिन्यात त्यांतली कितीतरी कारखान्याच्या तळावर, कोप्यांत (तात्पुरत्या झोपड्यांत) पोचलेली असतात. राष्ट्रीय नमुना पाहणीचे काम वर्षभर चालते. पावसाळ्यात प्रगणक आला तर ऊसतोडीचा कोयता घेणारे कुटुंब घरी सापडते. जानेवारीत आला तर दाराला कुलूप, किंवा म्हातारी आणि एखादे नातवंड. त्या घराचा गरोदर बाईच्या तपासण्यांचा किंवा पोराच्या लसींचा हिशेब गावच्या उपकेंद्राशी जोडणे म्हणजे ते अर्धे वर्ष जिथे राहत नाही तिथल्या सेवेचे गुण त्याला देणे. यावर उपाय आहे : मुलाखतीचा महिना आणि हंगामी स्थलांतराचे उत्तर हाताशी ठेवून घरे वेगळी काढायची. पण पुष्कळ अहवालांत जिल्ह्याची एकच टक्केवारी छापून हात झटकलेले दिसतात.

जोडणी बिनचूक झाली तरी कार्यकारणभाव आपोआप हाती लागत नाही. दवाखाना गरज जास्त आहे म्हणून दिला गेला, की आमदाराचे वजन होते म्हणून, यावर त्या गावातील आजारपणाचे आकडे कसे वाचायचे ते ठरते. सुविधा अशा निवडून ठेवल्या जातात याकडे रोझेन्झ्वाइग आणि वोल्पिन या अर्थशास्त्रज्ञांनी १९८६ मध्येच लक्ष वेधले होते. एकाच गावाच्या दोन काळांतील माहितीची तुलना केली तर ही अडचण थोडी सैल होते.

गावाचे नाव झाकलेले असल्याने राष्ट्रीय नमुना पाहणीची जोडणी जिल्ह्याच्या किंवा पाहणी-विभागाच्या पातळीवरच थांबते. तिच्या आरोग्यविषयक फेऱ्यांत रुग्ण आपल्या जिल्ह्यात भरती झाला की बाहेर, एवढे मात्र कळते. कुटुंब आरोग्य पाहणीतला एक प्रश्न यापेक्षा कामाचा आहे : सरकारी दवाखान्यात का जात नाही? जवळ नाही, वेळ सोयीची नाही, कर्मचारी हजर नसतात, फार थांबावे लागते, उपचार नीट होत नाहीत, असे पर्याय त्यात असतात. जिल्ह्यातली पदे कागदावर भरलेली असताना ‘कर्मचारी हजर नसतात’ हे उत्तर वाढलेले दिसले, तर तपास हजेरीपटापासून सुरू करता येतो.