डेटिंग प्रोफाइलचा फोटो आणि ३०० डीपीआयचा गैरसमज

डेटिंग ॲपवर टाकायचा फोटो ३०० डीपीआयचा (डॉट्स पर इंच, म्हणजे इंचाला ३०० ठिपके) असेल तरच तो स्पष्ट दिसतो, हा समज अनेक वर्षे टिकून आहे. वेबसाठी ७२ डीपीआयच हवा, हा त्याचाच जुळा भाऊ. दोन्ही चुकीचे आहेत. डीपीआय ही फाइलमध्ये नोंदवलेली केवळ एक सूचना असून छापताना एका इंचात किती पिक्सेल बसवायचे एवढेच ती सांगते, आणि पडदा तिच्याकडे पाहतही नाही. ३००० × ४००० पिक्सेलचा फोटो ७२ वर असो वा ३०० वर, मोबाइलवर तो तंतोतंत सारखाच दिसतो. ७२ हा आकडा ॲपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावरून आला, कारण त्यावर इंचाला ७२ पिक्सेल होते. आजच्या फोनशी त्याचा संबंध उरलेला नाही.

खरे नुकसान ॲप फोटो ज्या चौकटीत कापून बसवते तिच्यामुळे होते, आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही याची मला खंत वाटते. ४००० × ३००० चा आडवा फोटो ३:४ च्या उभ्या चौकटीत बसवला की २२५० × ३००० एवढाच भाग उरतो, म्हणजे जवळजवळ ४४ टक्के चित्र कापले जाते, आणि कडेला उभ्या असलेल्या व्यक्तीचा अर्धा चेहराही त्यात जाऊ शकतो. म्हणून फोटो उभाच काढावा, चेहरा मध्याच्या किंचित वर ठेवावा आणि डोक्यावर मोकळी जागा सोडावी. व्हॉट्सॲपवरून आलेल्या प्रतीत पिक्सेल बहुधा कमी झालेले असतात. त्यामुळे मूळ फाइलच वापरावी.